अलीनंतर गायला बसलेला माणूस

लॅरी होम्स व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ७५ लढती लढला. ६९ जिंकला, ६ हरला. जिंकलेल्यांपैकी ४४ लढतींत समोरचा शेवटच्या घंटेपर्यंत टिकलाच नाही. सात वर्षं आणि वर तीन महिने तो हेवीवेटचा जगज्जेता होता आणि त्या काळात त्याने सलग २० वेळा विजेतेपद राखलं. हेवीवेटमध्ये सलग राखण्यात त्याच्या पुढे एकटा जो लुई, २५ वेळा. असं असूनही चार बॉक्सिंगवेडे जमले आणि सर्वांत थोर हेवीवेट कोण यावर वाद रंगला, की अली आणि लुई ही नावं आधी निघतात. मग मार्सियानो, फोरमन, फ्रेझर, टायसन. होम्सचं नाव निघतं ते चहाचे कप उचलले जात असताना, ‘हां, तोही होता की’ अशा सुरात.

असं का व्हावं? त्याची खरी उंची किती, हा बॉक्सिंगमधला जुना वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं पुष्कळ आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सामान्य प्रेक्षकाने होम्सच्या ७५ लढतींपैकी तीनच लक्षात ठेवल्या, आणि नेमक्या त्या तिन्हींत तो वाईट दिसतो. २ ऑक्टोबर १९८० रोजी त्याने थकलेल्या, आजारी मुहंमद अलीला दहा फेऱ्या बदडलं. २१ सप्टेंबर १९८५ रोजी तो मायकेल स्पिंक्सकडून हरला आणि नंतर तोंडाला येईल ते बोलला. २२ जानेवारी १९८८ रोजी माइक टायसनने त्याला चौथ्या फेरीत आडवं केलं. पहिल्या रात्री तो खलनायक, दुसऱ्या रात्री चिडका, तिसऱ्या रात्री म्हातारा. उरलेल्या ७२ लढती ज्यांनी पाहिल्या, त्यांचं मत वेगळं असतं.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशी शेवटी गायचे. त्यांच्यानंतर कोणी गायला बसायचा प्रश्नच नसायचा, लोक तृप्त होऊन घरी जायचे. बॉक्सिंगमध्ये ही सोय नाही. अलीनंतर कोणाला तरी बसावंच लागणार होतं, आणि बसला तो होम्स.

त्याचा जन्म १९४९ चा, जॉर्जिया राज्यातल्या कथबर्ट या गावातला. बारा भावंडं. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे. कुटुंब पुढे पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनला आलं. लीहाय नदी डेलावेअरला मिळते त्या संगमावरचं हे कारखान्यांचं गाव. वडील कामासाठी कनेटिकटला गेले आणि घर आई फ्लॉसीने ओढलं. लॅरीने सातवीत शाळा सोडली आणि तो गाड्या धुवायला लागला, तासाला एक डॉलर. याच गावाने पुढे नदीकाठच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं आणि २०१५ मध्ये त्याचा पुतळाही उभारला. पण ते फार नंतरचं.

बदनामी त्याच्या पाचवीलाच पुजलेली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या निवड चाचणीत त्याची गाठ ड्वेन बॉबिकशी पडली. होम्स खाली पडला, उठला आणि नंतर प्रतिस्पर्ध्याला धरत राहिला म्हणून बाद ठरला. अमेरिकी बॉक्सिंगमध्ये मार खाण्यापेक्षा मार टाळण्याची नालस्ती जास्त होते. ‘या पोराला काळीज नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसला. बॉबिक म्युनिकला गेला आणि क्यूबाच्या तेओफिलो स्टीव्हन्सनकडून हरला. होम्स ईस्टनला परतला.

मार्च १९७३ मध्ये तो व्यावसायिक झाला. पहिली काही वर्षं पोट भरण्याचं साधन होतं स्पारिंग, म्हणजे मोठ्या बॉक्सरच्या सरावासाठी रोजंदारीवर समोर उभं राहणं. पेनसिल्व्हेनियातल्या डियर लेक इथे अलीचा तळ होता, तिथे तो दाखल झाला. फ्रेझरबरोबर आणि अर्नी शेव्हर्सबरोबरही त्याने हात चालवले. अलीच्या ठोशाने एकदा त्याचा डोळा काळानिळा झाला, तेव्हा त्यावर बर्फ लावायला त्याने नकार दिला, ही गोष्ट होम्स स्वतःच मजेत सांगायचा. अलीने दिलेला डोळा गावात मिरवायचा होता त्याला.

स्पारिंगमध्ये तो जे शिकला ते अमोल होतं, पण त्याची किंमत त्याला नंतर मोजावी लागली. अलीचा नोकर, अलीची नक्कल, असं त्याच्याबद्दल बोललं जाऊ लागलं. पायांची चाल, डाव्या हाताचा झपाटा, ठोसा चुकवताना मागे झुकणं हे सारं अलीसारखं दिसायचं, पण पाहणाऱ्याला अलीची ऐट त्यात सापडायची नाही. १ ऑक्टोबर १९७५ ची मनिलातली अली-फ्रेझर लढत जगाच्या कायमची लक्षात राहिली. त्याच कार्यक्रमात आधी होम्सने रॉडनी बॉबिकला, म्हणजे ड्वेनच्या भावाला, सहाव्या फेरीत संपवलं होतं. ते कोणाला आठवतं?

आता त्याच्या डाव्या हाताबद्दल. त्यावाचून होम्सबद्दलचं सगळं बोलणं पोकळ आहे.

जॅब हा बॉक्सिंगमधला सर्वांत साधा ठोसा. पुढच्या हाताने सरळ समोर. नव्या पोराला पहिल्या दिवशी हाच शिकवतात. बहुतेकांसाठी तो नुसता अंतर मोजण्यापुरता असतो. डावा टेकवायचा आणि खरा माल उजव्यातून काढायचा. होम्सचा जॅब हाच खरा माल होता. उंची सहा फूट तीन इंच आणि हातांचा पल्ला ८१ इंच. डावा हात तो पुष्कळदा छातीच्याही खाली ठेवायचा, त्यामुळे ठोसा समोरच्याच्या नजरेच्या खालून वर यायचा. तो येतो आहे हे दिसेपर्यंत डोकं मागे फेकलं गेलेलं असायचं. एक जॅब बसला की हात पुरता मागे न नेताच दुसरा. पहिल्याने डोळे मिटतात, दुसरा मिटल्या डोळ्यांवर बसतो. त्या हाताला वजनही होतं. आठ-दहा फेऱ्यांत समोरच्याचा चेहरा सुजून बदलून जायचा आणि मग उजवा हात जवळजवळ फुकटात बसायचा. हेवीवेटच्या इतिहासातला सर्वोत्तम जॅब कोणाचा, असं विचारलं तर जाणकार दोन-तीन नावांपलीकडे जात नाहीत, आणि होम्सचं नाव त्यांत असतंच.

अडचण अशी की जॅबची गोष्ट सांगता येत नाही. टायसनचा एक ठोसा, एक माणूस जमिनीवर, हे लहान मुलालाही कळतं. पन्नास जॅबनी माणूस कसा पोखरला जातो हे कळायला अख्खी लढत बसून पाहावी लागते.

मार्च १९७८ मध्ये होम्सने अर्नी शेव्हर्सला बारा फेऱ्यांत गुणांवर सहज हरवलं. शेव्हर्सचा उजवा हात म्हणजे त्या पिढीची दहशत. त्याआधी सहाच महिने अलीला त्याने पंधरा फेऱ्या हादरवून सोडलं होतं. ही लढत जिंकल्यावर होम्सला केन नॉर्टनशी लढायची संधी मिळाली.

इथे जरा मागची भानगड सांगायला हवी, कारण होम्सच्या कपाळी जे आलं त्याचं निम्मं मूळ तिच्यात आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं. ठरल्याप्रमाणे त्याने नॉर्टनशी लढायचं होतं, पण त्याने अलीशीच पुन्हा लढायचं ठरवलं, कारण पैसा तिकडे होता. डब्ल्यूबीसी या संघटनेने त्याचं विजेतेपद काढून घेतलं आणि नॉर्टनला कागदावर जगज्जेता जाहीर केलं. ९ जूनला लास वेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये होम्सने हरवलं ते या कागदी जगज्जेत्याला. तीन महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये साठ हजारांवर प्रेक्षकांसमोर अलीने स्पिंक्सकडून आपलं डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचं विजेतेपद परत घेतलं. लोकांच्या मते जगज्जेता एकच, अली. होम्सच्या कमरेला पट्टा होता, पण लोकांच्या लेखी तो अजून स्पारिंगवालाच होता.

आणि तरी ती नॉर्टनची लढत पाहा! बाकी काही पाहायला वेळ नसेल तर शेवटची, पंधरावी फेरी तेवढी पाहा. लढतीच्या काही दिवस आधी होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता. ज्या हातावर सगळी भिस्त तोच हात. सुरुवातीच्या फेऱ्या त्याने त्याच हाताने घेतल्या. मग नॉर्टनने डोकं खाली घालून, दोन्ही हात आडवे धरून, खेकड्यासारखं तिरकं सरकत अंतर कापायला सुरुवात केली आणि हिशेब बरोबरीत आणला. चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा पंचांच्या कागदावर कोणीही पुढे नव्हतं. उरल्या होत्या तीन मिनिटं.

त्या तीन मिनिटांत दोघांनीही शहाणपण बाजूला ठेवलं. नॉर्टन शरीरावर आणि डोक्यावर जोरकस हात मारतो आहे, होम्स मागे सरतो, दोरांपाशी थांबतो, आणि थांबून उलटा मारायला लागतो. जॅब नाही, पायांची चाल नाही. दोन दमलेले धिप्पाड पुरुष हाताच्या अंतरावर उभे राहून आलटून पालटून मारतात. फेरीच्या उत्तरार्धात होम्सचे अपरकट नॉर्टनच्या हनुवटीखाली बसू लागतात. घंटा होते तेव्हा डळमळतोय तो नॉर्टन. तीनपैकी दोन पंचांनी १४३-१४२ असा होम्सच्या बाजूने कौल दिला, तिसऱ्याने तेवढ्याच फरकाने नॉर्टनच्या बाजूने. हेवीवेटच्या सर्वोत्तम फेऱ्यांमध्ये ही फेरी आज मोजली जाते. काळीज नाही म्हणून हिणवलेल्या माणसाने जगज्जेतेपद मिळवलं ते शुद्ध काळजाच्या जोरावर.

(ही पंधरावी फेरी आता नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाच्या डक कू किमच्या मेंदूला इजा झाली आणि तो दगावला. डब्ल्यूबीसीने विजेतेपदाच्या लढती बारा फेऱ्यांवर आणल्या, हळूहळू इतरांनीही. निर्णय योग्यच होता.)

१९८० च्या सुरुवातीला अली भारतात आला होता. दिल्लीत इंदिरा गांधींना भेटला, मद्रासला जिमी एलिसबरोबर हौसेची लढत खेळला. त्याचं नाव भारतात घराघरांत होतं, बॉक्सिंगचा गंध नसलेल्या घरांतही. तो तेव्हा निवृत्त होता, वजन वाढलेलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो होम्ससमोर उभा राहिला, वय ३८. वजन उतरलेलं, केस काळे केलेले. लोकांना वाटलं, जुना अली आला. प्रत्यक्षात वजन उतरलं त्याला थायरॉइडच्या गोळ्यांचाही हातभार होता, आणि त्यांनी त्याची उरलीसुरली ताकद शोषून घेतली होती. लढतीआधी मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली होती. हातांना मुंग्या येणं, बोलण्यातला जडपणा अशा तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. तरीही नेवाडा राज्याने परवाना दिला. लढतीत कोट्यवधी डॉलरचा व्यवहार गुंतला होता.

पहिल्या फेरीपासूनच अलीकडून काही येईना. होम्सचा जॅब येत राहिला, जात राहिला. आता होम्सच्या जागी उभं राहून पाहा. जोरात मारावं तर गुरूला मारल्याचं पाप. हात आखडावा तर उद्याच्या पेपरात ‘म्हाताऱ्या अलीलाही संपवता आलं नाही’. तो रेफरीकडे पाहत होता, थांबवा म्हणून. तिन्ही पंचांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या. दहावीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवायला लावली. अलीच्या सबंध कारकिर्दीत लढत अर्ध्यावर थांबून झालेला हा एकमेव पराभव. त्या रात्री होम्स रडला, अलीच्या खोलीत जाऊन त्याला भेटला. पुढे अ‍ॅल्बर्ट मेझल्सने या लढतीवर माहितीपट केला, त्यात अलीच्या तळावरची ती शेवटची तयारी दिसते. पाहवत नाही.

अलीला हरवल्यावरच जगाने होम्सला जगज्जेता मानलं असतं, पण अशा अलीला हरवल्याचं श्रेय कोणी देईना. हरवलं नसतं तर मात्र कोणी माफ केलं नसतं. हा पेच त्याने निर्माण केला नव्हता. प्रवर्तक डॉन किंगने लढत ठरवली, सीझर्स पॅलेसने वाहनतळावर स्टेडियम उभारलं, टीव्हीने विकली, अलीला स्वतःला हवी होती. बोल लागला तो होम्सला.

होम्सला कमी लेखणाऱ्यांचा हुकमी पत्ता म्हणजे ‘काळ कमकुवत होता’. अली-फ्रेझर-फोरमनचं युग संपलं होतं, टायसनचं यायचं होतं, मधल्या ओसाड रानात हा राजा. ऐकायला ठीक वाटतं. पण मग नावं तपासायला बसलो की गंमत दिसते. होम्सने १९७९ मध्ये हरवलेला माइक वीव्हर पुढच्याच वर्षी डब्ल्यूबीएचा जगज्जेता झाला. १९८१ मध्ये हरवलेला ट्रेव्हर बर्बिक १९८६ मध्ये डब्ल्यूबीसीचा जगज्जेता झाला. १९८३ मध्ये हरवलेला टिम विदरस्पून पुढे दोनदा जगज्जेता झाला, एकदा डब्ल्यूबीसीचा, एकदा डब्ल्यूबीएचा. १९८४ मध्ये हरवलेला जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथ १९८६ मध्ये जगज्जेता झाला. ऑसी ओकासियो खालच्या क्रूझरवेट गटात जगज्जेता झाला. म्हणजे त्या दशकातल्या जवळजवळ प्रत्येक पट्ट्यावर कधी ना कधी असं नाव कोरलं गेलं, ज्याला होम्सने आधीच घरी पाठवलेलं होतं. ही माणसं आपल्याला सामान्य वाटतात ती मुख्यतः होम्सकडून हरली म्हणून. ज्याने सगळ्यांना हरवलं त्याच्याच पराक्रमातून त्याच्या काळाचं दुबळेपण सिद्ध करायचं, हा न्याय अजब आहे.

मात्र त्या पिढीत काहीतरी बिघडलं होतं हे खरं. वजन सुटलेले, अमली पदार्थांत अडकलेले, प्रवर्तकांशी कज्जे करणारे गुणी हेवीवेट त्या काळात पुष्कळ होते. विदरस्पूनने पुढे डॉन किंगवर दावा लावला. किंगने आपल्याला लुबाडल्याची तक्रार होम्सही आयुष्यभर करत आला. फरक इतकाच की होम्स दर वेळी तयारीनिशी आला. पहिल्या आठ बचावांत त्याने एकाही प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या घंटेपर्यंत पोहोचू दिलं नाही, आठवा अली होता.

पडून उठण्याचं काय, तेही सांगितलं पाहिजे. सप्टेंबर १९७९ मध्ये शेव्हर्सशी दुसरी लढत. होम्स आरामात पुढे होता. सातव्या फेरीत शेव्हर्सचा उजवा हात वरून आला आणि होम्स सपशेल आडवा झाला. नुसता गुडघ्यावर नव्हे, पाठीवर. शेव्हर्सने असं पाडलेली माणसं सहसा स्वतःच्या पायांनी उठत नसत. होम्स उठला, लटपटत्या पायांनी फेरी काढली आणि अकराव्या फेरीत शेव्हर्सचीच लढत थांबवावी लागली. नोव्हेंबर १९८१ मध्ये पिट्सबर्गला रेनाल्डो स्नाइप्सने सातव्याच फेरीत पाडलं. उठताना तोल जाऊन तो कोपऱ्यातल्या खांबावर धडकला. तीही लढत अकराव्या फेरीत होम्सनेच संपवली. अलीची चिवट हनुवटी दंतकथा झाली. होम्सची झाली नाही.

जेरी कूनीची लढत हा आणखी वेगळा अध्याय. ११ जून १९८२, पुन्हा सीझर्स पॅलेस. कूनी गोरा, उंच, अपराजित. नॉर्टनला त्याने ५४ सेकंदांत झोपवलं होतं. अमेरिकेला कित्येक वर्षांनी गोरा हेवीवेट जगज्जेता मिळण्याची आशा होती आणि ती आशा विकायला डॉन किंगसारखा विक्रेता होता. टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कूनी झळकला, सोबत रॉकी चित्रपटाचा सिल्व्हेस्टर स्टॅलन. जगज्जेता मुखपृष्ठावर नव्हता. आव्हानवीराला जगज्जेत्याइतकंच मानधन. कूनी जिंकला तर अभिनंदन करता यावं म्हणून त्याच्या खोलीत अध्यक्ष रेगन यांच्यासाठी फोन बसवल्याचं सांगतात. होम्सच्या खोलीत फोन नव्हता. जगज्जेत्याचं नाव शेवटी पुकारायची बॉक्सिंगची जुनी रीत, तीही त्या रात्री मोडली. आधी होम्स, मग कूनी.

कूनी चांगला लढला. होम्सने त्याला दुसऱ्या फेरीत पाडलं, तरी तो तेराव्यापर्यंत टिकला. कमरेखाली मारल्याबद्दल त्याचे तीन गुण कापले गेले. बाराव्या फेरीअखेर दोन पंचांच्या कागदावर होम्स ११३-१११ असा पुढे होता. ते तीन गुण कापले नसते तर त्या दोघांच्या लेखी कूनी एका गुणाने पुढे असता! साऱ्या देशाची हवा विरोधात असताना होम्सने तो प्रश्न पंचांवर सोडला नाही. तेराव्या फेरीत जॅबमागून उजवे हात असे बसले की कूनीच्या कोपऱ्यातला माणूस रिंगमध्ये चढला. पुढे होम्स आणि कूनी चांगले मित्र झाले. वर्णाच्या नावाने दुकान मांडलं होतं ते दुसऱ्यांनी.

आता दुसरी बाजू, कारण तीही पोकळ नाही. स्वतः जगज्जेता असताना होम्स डब्ल्यूबीएच्या जगज्जेत्याशी एकदाही लढला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या गेरी कोएत्झीशी १९८४ मध्ये लढत ठरली होती, पैशांची जुळवाजुळव फिसकटली. ग्रेग पेज हा डब्ल्यूबीसीचा हक्काचा आव्हानवीर. देऊ केलेले पैसे कमी म्हणून होम्सने ती लढत नाकारली आणि १९८३ च्या अखेरीस विजेतेपदच सोडून नव्या आयबीएफ संघटनेचा पट्टा स्वीकारला. पिंकलन थॉमसशीही लढायचं राहिलं. मे १९८३ मध्ये पंधराच लढतींचा अनुभव असलेल्या विदरस्पूनने त्याला नवव्या फेरीत हादरवलं आणि निर्णय दोन विरुद्ध एक पंच असा झाला. त्याला पुन्हा संधी दिली नाही. नॉर्टनलाही दिली नाही. उलट मार्व्हिस फ्रेझरसारख्या कोवळ्या पोराला, म्हणजे जो फ्रेझरच्या मुलाला, एका फेरीत चिरडून मोठी रक्कम घेतली. १९८५ मध्ये कार्ल विल्यम्सविरुद्धचा विजय पुष्कळांना पटला नव्हता. हे सगळं खरं आहे. पस्तिशीकडे झुकलेला माणूस कमी धोका, जास्त पैसा असा हिशेब करू लागला होता. पेजला पुढे विदरस्पूननेच हरवलं, म्हणून पेजपुढे होम्सचं काय झालं असतं याचा अंदाज बांधता येतो. पण अंदाज म्हणजे लढत नव्हे. होम्सला लुईच्या बरोबरीने बसवायला मी कचरतो तो इथेच.

२१ सप्टेंबर १९८५. होम्स ४८-०. आणखी एक विजय आणि रॉकी मार्सियानोची ४९-० ही कमाई गाठता आली असती. मार्सियानोची शेवटची लढत बरोबर तीस वर्षांपूर्वी, २१ सप्टेंबर १९५५ लाच झाली होती. समोर मायकेल स्पिंक्स, खालच्या लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता. त्या गटाच्या कोणत्याही जगज्जेत्याला तोवर हेवीवेटचं विजेतेपद जिंकता आलं नव्हतं. स्पिंक्स आडवातिडवा, बेढब लयीत लढला आणि १४३-१४२, १४३-१४२, १४५-१४२ असा जिंकला. होम्सचा जॅब उशिरा येत होता. वय झालं होतं.

हरण्यात काही वावगं नव्हतं. पण लढतीनंतर पत्रकारांसमोर, मार्सियानोचे नातलग समोर बसलेले असताना, होम्स म्हणाला की मार्सियानो माझी लंगोटी उचलायच्याही लायकीचा नव्हता. जिभेला हाड नसतं हे सगळ्यांनाच ठाऊक, पण एका वाक्याने इतकं नुकसान क्वचितच कोणी करून घेतलं असेल. त्याने पुढे माफी मागितली. कोणी ऐकली नाही. पुढच्या वर्षी स्पिंक्सशी पुन्हा लढत झाली. होम्स जिंकला असं अनेकांना वाटलं, निर्णय दोन विरुद्ध एक असा स्पिंक्सला गेला. पुन्हा होम्सने पंचांना शिव्या घातल्या. मला त्याच्या रागाचं नवल वाटत नाही. सात वर्षं अलीशी तुलना सोसली, शेवटी तीस वर्षांपूर्वीच्या माणसाशी तुलना सोसावी लागली. पण राग समजणं वेगळं आणि तो चव्हाट्यावर मांडणं वेगळं.

टायसनबद्दल थोडक्यात. होम्स ३८ वर्षांचा, जवळजवळ दोन वर्षं रिंगबाहेर होता. टायसन २१ वर्षांचा, भरात. चौथ्या फेरीत होम्स क्षणभर पायांच्या बोटांवर उठला, जॅब सुटू लागला, आणि लगेच सगळं संपलं. टायसन सांगतो की पोरवयात त्याने अली-होम्स लढत पाहिली तेव्हाच या पराभवाची भरपाई करायचा शब्द त्याने अलीला दिला होता. इथेही होम्सच्या वाट्याला दुसऱ्याच्या गोष्टीतलं खलनायकाचं पात्र आलं.

इथेच तो थांबला असता तरी गोष्ट पुरी झाली असती. पण १९९१ मध्ये तो परतला, आणि पैशासाठी नव्हे. त्याने ईस्टनमध्ये इमारती घेतल्या होत्या, धंदा उभारला होता. निवृत्त बॉक्सर कफल्लक होतात हा शिरस्ता त्याने मोडला. फेब्रुवारी १९९२ मध्ये ४२ वर्षांच्या होम्सने रे मर्सरला बारा फेऱ्यांत हरवलं. मर्सर सोल ऑलिंपिकचा सुवर्णविजेता आणि व्यावसायिकांत तोवर अपराजित. होम्स कोपऱ्यात जाऊन दोरांना टेकायचा, त्याला बोलवायचा आणि आला की बरोबर वेळेवर ठोसा सोडायचा. पाय गेले होते, डोकं शाबूत होतं. त्याच वर्षी जूनमध्ये तो एव्हँडर होलिफील्डकडून हरला, पण बाराही फेऱ्या उभा राहिला.

माझ्या यादीत अली पहिला, लुई दुसरा, होम्स तिसरा. या यादीवर सर्वांत जास्त ओरडतात ते जॉर्ज फोरमनचे चाहते. फोरमनने फ्रेझर आणि नॉर्टन दोघांनाही दोन-दोन फेऱ्यांत झोपवलं हे नाकारणार कोण! पण विजेतेपद जिंकण्यापेक्षा ते राखणं अवघड मानलं, तर १९७३ ते १९७४ च्या फोरमनने ते दोनदा राखलं आणि तिसऱ्यांदा अलीला गमावलं. मग ते मायकेल मूररची लढत काढतात. नोव्हेंबर १९९४, फोरमन ४५ वर्षांचा, एका उजव्या हातावर पुन्हा जगज्जेता. ती रात्र थोरच. तिच्यानंतर पाच महिन्यांनी, एप्रिल १९९५ मध्ये, त्याच वयाचा होम्स लेनक्स लुईसला झोपवून जगज्जेता झालेल्या ऑलिव्हर मकॉलसमोर उभा राहिला, बारा फेऱ्या लढला आणि थोड्या गुणांनी हरला. ती लढत कोणी काढत नाही. आणि मूररविरुद्ध दहाव्या फेरीत तो ठोसा बसेपर्यंत फोरमन तिन्ही पंचांच्या कागदावर मागे होता.